शुश्रूषेचे शास्त्र : नर्सिंगमधील शिक्षण आणि करिअर

बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते. मेडिकल मिळेल का, नाही मिळाले तर इंजिनीअरिंग, तेही नाही तर फार्मसी. या ठरावीक यादीत नर्सिंगचे नाव बहुधा शेवटी येते, आणि आले तरी ते 'दुसरे काही जमले नाही म्हणून' या शेऱ्यासह. मात्र एखादी विद्यार्थिनी स्वतःहून, पूर्ण विचारान्ती 'मला परिचारिका व्हायचे आहे' असे सांगते, तेव्हा घरात क्षणभर शांतता पसरते. रात्रपाळी कशी करणार, लग्नाचे काय, लोक काय म्हणतील, पगार तरी किती, असे प्रश्न एकामागून एक पुढे येतात. हे प्रश्न निरर्थक नाहीत. पण त्यांची उत्तरे ऐकीव माहितीवर दिली जातात, हे दुर्दैव आहे. एका बाजूला गैरसमजापोटी चांगले विद्यार्थी या क्षेत्रापासून दूर राहतात, तर दुसऱ्या बाजूला मान्यता नसलेल्या संस्थांच्या जाहिरातींना भुलून अनेक जण पैसा आणि उमेदीची वर्षे गमावतात. नर्सिंगकडे वळू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या पालकांना निर्णय घेताना उपयोगी पडावी, या हेतूने ही माहिती येथे एकत्रित दिली आहे.

सेवेला शास्त्राची जोड

आजाऱ्याची देखभाल ही मानवी संस्कृतीइतकीच जुनी गोष्ट आहे. परंतु तिला शिस्तबद्ध व्यवसायाचे स्वरूप आले ते एकोणिसाव्या शतकात. १२ मे १८२० रोजी जन्मलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५४ पासून क्रिमियाच्या युद्धात जखमी सैनिकांची शुश्रूषा केली. हाती दिवा घेऊन रात्री रुग्णांमध्ये फिरणारी स्त्री ही त्यांची प्रतिमा सर्वपरिचित आहे. मात्र स्वच्छता, शुद्ध हवा आणि मृत्यूंच्या आकडेवारीचा काटेकोर अभ्यास हे त्यांचे योगदान अधिक मोलाचे होते. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाने प्रशिक्षण विद्यालय सुरू झाले आणि आधुनिक परिचर्या शिक्षणाचा पाया घातला गेला. त्यांचा जन्मदिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो.

महाराष्ट्रालाही या क्षेत्राची मोठी परंपरा आहे. १८८६ मध्ये मुंबईत कामा रुग्णालय सुरू झाले. स्त्री रुग्णांवर स्त्री डॉक्टरांनीच उपचार करावेत, हा विचार त्यामागे होता. लष्करी रुग्णालयांतील शुश्रूषेची घडी बसविण्यासाठी १८८८ साली इंग्लंडहून दहा प्रशिक्षित परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या; आजच्या सैन्यदल परिचर्या सेवेचा उगम तेथून सांगितला जातो. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना स्वतःलाच प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी कोणत्याही विद्यालयातून प्रशिक्षण घेतले नव्हते, तरी संसर्गाच्या भीतीने आप्तही दूर पळत असताना त्या रुग्णांजवळ गेल्या, हे विसरता येणार नाही.

पुढे १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन स्थापन झाले. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली या संस्थेने विधवा व परित्यक्ता स्त्रियांना नर्सिंगच्या प्रशिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठविण्यास सुरुवात केली. परक्या माणसाची, परक्या जातीच्या रुग्णाची शुश्रूषा करणे प्रतिष्ठित घरातील स्त्रीला शोभत नाही, अशी त्या काळची समजूत होती. तिला तोंड देत ज्या स्त्रिया रुग्णालयाच्या पायऱ्या चढल्या, त्यांनी पुढच्या पिढ्यांसाठी वाट मोकळी केली. आज एखाद्या घरात 'नर्सच का?' असा प्रश्न विचारला जातो, तेव्हा त्याला शंभर वर्षांहून अधिक जुना इतिहास आहे, हे लक्षात घ्यावे.

परिचारिका नेमके काय करते?

'डॉक्टरांनी सांगितलेले इंजेक्शन देणारी' ही परिचारिकेची व्याख्या अपुरी आहे. डॉक्टर दिवसातून एक-दोन वेळा रुग्णाला तपासून जातात. चोवीस तास त्याच्याजवळ असते ती परिचारिका. नाडी, तापमान, रक्तदाब, श्वसन यांच्या नोंदी ठेवणे, औषध योग्य रुग्णाला, योग्य मात्रेत, योग्य वेळी आणि योग्य मार्गाने गेले आहे याची खात्री करणे, सलाइन व रक्त चढविताना प्रतिक्रिया येत नाही ना हे पाहणे, जखमांची मलमपट्टी, शस्त्रक्रियेची पूर्वतयारी व नंतरची देखभाल, प्रसूतीत मदत, नवजात अर्भकाची काळजी, नातेवाइकांना समजावणे आणि या सगळ्याची लेखी नोंद करणे, ही तिच्या कामाची केवळ ढोबळ यादी झाली.

या कामाचा गाभा आहे निरीक्षण. रुग्णाच्या चेहऱ्यावरील बदललेला रंग, वाढलेली अस्वस्थता, कमी झालेली लघवी या गोष्टी यंत्राआधी अनुभवी परिचारिकेच्या नजरेला जाणवतात आणि वेळीच डॉक्टरांना बोलावले गेल्याने प्राण वाचतात. पाळी बदलताना एक परिचारिका दुसरीला प्रत्येक रुग्णाची सविस्तर माहिती देते. रुग्णालयाच्या भाषेत त्याला 'ओव्हर देणे' म्हणतात. या पंधरा-वीस मिनिटांत एखादी गोष्ट सांगायची राहिली, तर त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते. तेव्हा हा व्यवसाय केवळ प्रेमळ स्वभावावर चालत नाही. त्यासाठी शरीरशास्त्र, औषधशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, आहारशास्त्र आणि मानसशास्त्र यांचे ज्ञान लागते.

शुश्रूषा म्हणजे काय, याचे एक उदाहरण मुंबईच्या केईएम रुग्णालयात घडले. तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच अमानुष हल्ला झाला आणि त्या कायमच्या अचेतन अवस्थेत गेल्या. १८ मे २०१५ रोजी त्यांचा मृत्यू होईपर्यंत, म्हणजे सुमारे ४२ वर्षे, त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांचा सांभाळ केला. सेवेत नव्याने दाखल झालेल्या, त्यांना कधी बोलताना न पाहिलेल्या परिचारिकांनीही ही जबाबदारी आपली मानली. एवढ्या दीर्घ काळ अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीला शय्याव्रण होऊ न देणे किती कठीण आहे, हे ज्यांनी घरात असा रुग्ण सांभाळला आहे त्यांना सांगावे लागणार नाही. दयामरणासंबंधीच्या २०११ मधील निकालात सर्वोच्च न्यायालयानेही या परिचारिकांच्या सेवेची मुक्तकंठाने प्रशंसा केली.

अभ्यासक्रम कोणते?

नर्सिंगचे शिक्षण वेगवेगळ्या स्तरांवर उपलब्ध आहे. विद्यार्थ्यांचा सर्वाधिक गोंधळ येथेच होतो.

एएनएम : 'ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ' हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम मुलींसाठी आहे. कोणत्याही शाखेतून बारावी उत्तीर्ण विद्यार्थिनींना तो करता येतो. माता-बालसंगोपन, लसीकरण आणि ग्रामीण आरोग्यसेवा यांवर त्याचा भर असतो. उपकेंद्रातील आरोग्यसेविका ही या शिक्षणातून घडते.

जीएनएम : 'जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी' ही तीन वर्षांची पदविका आहे. विज्ञान शाखेला प्राधान्य असले, तरी इंग्रजी विषयासह किमान ४० टक्के गुण मिळवून बारावी झालेल्या अन्य शाखांच्या विद्यार्थ्यांनाही प्रवेश मिळू शकतो. रुग्णालयातील प्रत्यक्ष कामाचा भरपूर सराव हे या पदविकेचे वैशिष्ट्य होय.

बी.एस्सी. नर्सिंग : हा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम असून त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय आवश्यक असतात. खुल्या प्रवर्गासाठी विज्ञान विषयांत एकत्रित ४५ टक्के गुणांची अट असून राखीव प्रवर्गांना त्यात सवलत आहे. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण झालेली असावीत. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या सुधारित अभ्यासक्रमानुसार हे शिक्षण आठ सत्रांत विभागले आहे.

पोस्ट बेसिक बी.एस्सी. : जीएनएम पूर्ण करून नोंदणी झालेल्या परिचारिकांना दोन वर्षांत पदवी मिळविण्याची ही संधी आहे. परिस्थितीमुळे आधी पदविका करून नोकरी धरलेल्यांना पदवीचे दार बंद होत नाही, हा या अभ्यासक्रमाचा मोठा दिलासा आहे.

एम.एस्सी. नर्सिंग : पदवीत ५५ टक्के गुण आणि किमान एक वर्षाचा अनुभव असणाऱ्यांना हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करता येतो. मेडिकल-सर्जिकल, बालरोग, मनोरुग्ण परिचर्या, प्रसूती व स्त्रीरोग आणि सामुदायिक आरोग्य या त्यातील प्रमुख शाखा आहेत. अध्यापनाकडे किंवा प्रशासनाकडे जाण्यासाठी ही पदव्युत्तर पदवी आवश्यक ठरते. त्यापुढे पीएच.डी.चा मार्गही खुला आहे.

याखेरीज अतिदक्षता, शस्त्रक्रियागृह, कर्करोग, नवजात शिशू यांसारख्या विषयांत एक वर्षाच्या पदविका आहेत. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय हे कर्करोग परिचर्येच्या प्रशिक्षणासाठी प्रसिद्ध आहे. अतिदक्षता विभागासाठी 'नर्स प्रॅक्टिशनर' हा निवासी स्वरूपाचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही देशात सुरू झाला आहे.

प्रवेश कसा मिळतो?

महाराष्ट्रात बी.एस्सी. नर्सिंगसाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षातर्फे अलीकडच्या वर्षांत स्वतंत्र सीईटी घेतली जाते आणि त्यानंतर केंद्रीय प्रवेश प्रक्रियेद्वारे जागांचे वाटप होते. परीक्षेचे नियम, पात्रता आणि वेळापत्रक यांत दरवर्षी बदल होऊ शकतात. त्यामुळे मित्रमैत्रिणींच्या सांगण्यावर विसंबून न राहता त्या वर्षीची अधिकृत माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. अर्जाची मुदत अनेकदा बारावीच्या निकालाआधीच संपते. निकालानंतर चौकशी सुरू करणाऱ्यांचे एक वर्ष अशा प्रकारे विनाकारण वाया जाते.

मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या आवारातील शासकीय परिचर्या शिक्षण संस्था, एसएनडीटी विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी नर्सिंग महाविद्यालय, पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांशी जोडलेली विद्यालये, पुण्यातील सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाशी संलग्न संस्था, तसेच गोव्यात बांबोळी येथील शासकीय परिचर्या शिक्षण संस्था ही या क्षेत्रातील काही परिचित नावे. मोठ्या सरकारी रुग्णालयाशी जोडलेल्या संस्थेचा लाभ असा, की तेथे रुग्णांची संख्या आणि आजारांची विविधता पुष्कळ असल्याने हात लवकर तयार होतो.

सर्वांत महत्त्वाची खबरदारी

'सहा महिन्यांत नर्स व्हा', 'दहावी नापासांना नर्सिंगची सुवर्णसंधी', 'शंभर टक्के नोकरीची हमी' अशा जाहिराती शहरांत बसथांब्यांपासून रेल्वेच्या डब्यांपर्यंत दिसतात. अशा संस्थांतून रुग्णसहायकाचे प्रमाणपत्र फार तर मिळू शकते. त्या आधारे 'नोंदणीकृत परिचारिका' होता येत नाही. हा फरक जाहिरातीत सहसा सांगितलेला नसतो. गरीब घरातील मुली यात अधिक फसतात. कर्ज काढून शुल्क भरले जाते आणि सरकारी भरतीचा अर्ज भरताना नोंदणी क्रमांकाच्या रकान्यापाशी हात थांबतो.

राज्यात परिचारिका म्हणून काम करण्यासाठी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी आवश्यक आहे. १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमात या नोंदणीची तरतूद आहे. देशपातळीवर १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद अस्तित्वात आली. या कायद्याच्या जागी नवी रचना आणण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग अधिनियम संमत केला. जीएनएम आणि एएनएमच्या परीक्षा राज्यात महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते, तर बी.एस्सी. व त्यापुढील बहुतेक अभ्यासक्रम नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. अभिमत विद्यापीठांची महाविद्यालये याला अपवाद आहेत.

प्रवेशाचे पैसे भरण्यापूर्वी पुढील गोष्टी तपासाव्यात :

• संस्थेचे नाव परिचर्या परिषदेच्या चालू वर्षाच्या मान्यताप्राप्त यादीत आहे काय?
• ज्या अभ्यासक्रमाला आपण प्रवेश घेत आहोत, नेमक्या त्याच अभ्यासक्रमाला आणि तेवढ्या जागांना मान्यता आहे काय?
• पदवी असल्यास विद्यापीठाची संलग्नता आहे काय?
• प्रात्यक्षिकासाठी स्वतःचे रुग्णालय आहे काय? नसल्यास कोणत्या रुग्णालयाशी करार आहे आणि तेथे खाटा किती आहेत?
• शुल्काची पावती मिळते काय, आणि शिक्षणानंतर सक्तीच्या नोकरीची काही अट आहे काय?

मूळ गुणपत्रिका व प्रमाणपत्रे कायमची कोणाच्याही ताब्यात देऊ नयेत. पडताळणी झाली की ती परत घ्यावीत.

विद्यार्थिदशेतील दिवस

नर्सिंग महाविद्यालयातील जीवन हे अन्य महाविद्यालयांसारखे मोकळे नसते, याची जाणीव आधीच असलेली बरी. सकाळी गणवेशात वॉर्डात हजेरी, दुपारी वर्ग, सायंकाळी जर्नल आणि केस स्टडीचे लेखन, असा दिनक्रम असतो. सुरुवातीला अंथरूण घालणे, रुग्णाला अंथरुणातच अंघोळ घालणे, बेडपॅन देणे अशी कामे शिकविली जातात. अनेकींचा हिरमोड येथेच होतो. 'यासाठी का विज्ञान शाखा घेतली?' असे वाटू लागते. पण रुग्णाच्या देहाचा संकोच न बाळगता आणि त्यालाही संकोच वाटू न देता त्याची स्वच्छता करणे हा या विद्येचा पहिला धडा आहे. अंघोळ घालतानाच पाठीवरचा लालसर चट्टा दिसतो आणि शय्याव्रण टाळता येतो.

पहिला मृत्यू, पहिली प्रसूती, पहिली रात्रपाळी हे टप्पे प्रत्येकीच्या आयुष्यात येतात. प्रशिक्षणाच्या सुरुवातीच्या काळातच दीपप्रज्वलन व शपथग्रहण समारंभ होतो. तो सोहळा देखणा असला, तरी त्या शपथेचा अर्थ उमगतो तो वॉर्डात. शिक्षणाचे माध्यम इंग्रजी असल्याने मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना पहिले वर्ष जड जाते. त्यांनी घाबरून न जाता वैद्यकीय संज्ञांची स्वतःची वही करावी आणि रोज थोडे इंग्रजी वाचावे. रुग्णांशी संवाद साधताना मात्र त्यांचे मराठीच कामी येते, आणि तेथे ते इतरांच्या पुढे असतात.

प्रशिक्षण सुरू होण्यापूर्वी हिपॅटायटिस बी प्रतिबंधक लसीच्या मात्रा पूर्ण कराव्यात. सुई टोचण्याचा धोका विद्यार्थिदशेतच सर्वाधिक असतो.

खर्च आणि सवलती

शासकीय संस्था आणि खासगी महाविद्यालये यांच्या शुल्कात मोठी तफावत आहे. शासकीय जागा मर्यादित असल्याने स्पर्धाही तीव्र असते. शिष्यवृत्त्यांचे अर्ज 'महाडीबीटी' या शासकीय प्रणालीवर भरावे लागतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात संपूर्ण सवलत देण्याचा निर्णय राज्य शासनाने जुलै २०२४ मध्ये जाहीर केला. मात्र अशा सवलती केंद्रीय प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशांना लागू असतात. संस्थास्तरावर किंवा व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतल्यास त्या मिळत नाहीत. आपला अभ्यासक्रम व महाविद्यालय त्यात बसते काय, हे प्रवेशापूर्वीच लेखी विचारून घ्यावे.

नोकरीच्या वाटा

महाराष्ट्राच्या शासकीय सेवेत अधिपरिचारिका हे प्रवेशाचे मुख्य पद आहे. सातव्या वेतन आयोगानुसार या पदाची वेतनश्रेणी ३५,४०० रुपयांपासून सुरू होते. त्यावर महागाई भत्ता व अन्य भत्ते मिळतात. अनुभवानंतर परिसेविका, सहायक अधिसेविका आणि अधिसेविका अशी बढतीची शिडी आहे. बालरोग, मनोविकृती आणि सार्वजनिक आरोग्य या विषयांत विशेष पात्रता असणाऱ्यांसाठी वेगळी पदे असतात. अध्यापनाची आवड असणाऱ्यांना पाठ्यनिर्देशिका म्हणून काम करता येते.

केंद्र सरकारच्या रुग्णालयांत या पदाला 'नर्सिंग ऑफिसर' म्हणतात. सातव्या वेतन आयोगात त्याचे मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून आहे. नागपूरसह देशभरातील एम्स संस्थांसाठी २०२० पासून सामाईक भरती परीक्षा घेतली जाते. रेल्वे, राज्य कामगार विमा योजना, महापालिका, जिल्हा परिषदा हेही मोठे नियोक्ते आहेत. आयुष्मान आरोग्य मंदिरांत 'समुदाय आरोग्य अधिकारी' म्हणून काम करण्याची संधीही पदवीधर परिचारिकांना मिळते. गावपातळीवर स्वतंत्रपणे निर्णय घेण्याचे समाधान या पदात आहे.

सैन्यदलाचे आकर्षण असणाऱ्या मुलींसाठी 'मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस' हा प्रतिष्ठेचा मार्ग आहे. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयासह सैन्यदलाच्या काही नर्सिंग महाविद्यालयांत नीट परीक्षेच्या गुणांच्या आधारे निवड होते. शिक्षण पूर्ण होताच लेफ्टनंटच्या हुद्द्यावर नियुक्ती मिळते.

खासगी क्षेत्राचे चित्र मात्र संमिश्र आहे. मोठ्या रुग्णालयांत आधुनिक तंत्र शिकायला मिळते. लहान नर्सिंग होममध्ये अनेकदा अल्प वेतनावर राबवून घेतले जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने यासंबंधी स्पष्ट शिफारशी केल्या आहेत. २०० हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयाने शासकीय परिचारिकेइतके वेतन द्यावे, १०० ते २०० खाटांसाठी ते १० टक्क्यांहून अधिक कमी नसावे, ५० ते १०० खाटांसाठी २५ टक्क्यांहून अधिक कमी नसावे आणि ५० हून कमी खाटा असल्या तरी दरमहा किमान २० हजार रुपये द्यावेत, असे समितीने सुचविले. शिफारशी आणि प्रत्यक्ष यांत अंतर आहे. तरीही मुलाखतीला जाताना हे आकडे माहीत असणे केव्हाही हिताचे.

सातासमुद्रापार

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० मधील अहवालानुसार जगात सुमारे २ कोटी ७९ लाख परिचारिका होत्या आणि आणखी ५९ लाखांची कमतरता होती. या तुटवड्यामुळे भारतीय परिचारिकांना परदेशांत मोठी मागणी आहे. अमेरिकेसाठी 'एनक्लेक्स-आरएन' ही परीक्षा द्यावी लागते. ब्रिटनमध्ये संगणकीय परीक्षा आणि त्यानंतर तेथे जाऊन प्रात्यक्षिक परीक्षा असे दोन टप्पे आहेत. या देशांसाठी आयईएलटीएस किंवा ओईटी या इंग्रजी चाचण्या महत्त्वाच्या ठरतात. आखाती देशांत त्या त्या देशाच्या परवाना परीक्षेबरोबरच अनुभवाची अट असते. जर्मनीत कामासाठी जर्मन भाषा बी-२ स्तरापर्यंत यावी लागते. कुशल मनुष्यबळ पाठविण्यासंदर्भात महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करारही केला आहे.

केरळच्या परिचारिकांनी ही वाट कित्येक दशकांपूर्वी धरली. मराठी मुलींनी त्यांच्याकडून भाषा आणि पूर्वतयारी यांचा आदर्श घ्यावा. मात्र परदेशी नोकरीच्या आमिषाने मोठ्या रकमा मागणाऱ्या मध्यस्थांपासून सावध राहावे. भरती करणारी संस्था परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेली आहे की नाही, हे 'ई-मायग्रेट' प्रणालीवर पाहता येते.

वाटेवरचे काटे

या व्यवसायाचे केवळ गुणगान करणे विद्यार्थ्यांवर अन्याय करण्यासारखे होईल. परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार प्रत्येक पाळीत शिक्षण रुग्णालयाच्या सर्वसाधारण कक्षात तीन रुग्णांमागे एक, अन्य रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक आणि अतिदक्षता विभागात प्रत्येक रुग्णामागे एक परिचारिका असायला हवी. सरकारी रुग्णालयाच्या गजबजलेल्या वॉर्डात कधी रात्री डोकावले, तर हे प्रमाण कागदावरच राहिल्याचे दिसते. त्याचा ताण परिचारिकेच्या पाठीवर, पायांवर आणि मनावर पडतो. रात्रपाळीने झोपेचे आणि आहाराचे वेळापत्रक बिघडते. कंत्राटी नेमणुकांमुळे वर्षानुवर्षे अस्थिरता वाट्याला येते.

सुरक्षिततेचा प्रश्नही गंभीर आहे. रुग्ण दगावल्यावर नातेवाइकांचा रोष सर्वप्रथम समोर असलेल्या परिचारिकेवर निघतो. वैद्यकीय सेवा देणाऱ्यांवरील हिंसाचार रोखण्यासाठी महाराष्ट्राने २०१० मध्ये कायदा केला असून त्यात परिचारिकांनाही संरक्षण आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे आणि दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत तक्रार समिती बंधनकारक आहे. नोकरी स्वीकारताना वसतिगृह, रात्रीची वाहतूक आणि ही समिती यांची चौकशी करणे हा आगाऊपणा नव्हे. तो प्रत्येकीचा हक्क आहे.

काही नेहमीचे प्रश्न

मुलांना या क्षेत्रात वाव आहे काय? निश्चितच आहे. जीएनएम व बी.एस्सी. हे दोन्ही अभ्यासक्रम मुलांना करता येतात. अस्थिरोग, अपघात, मनोरुग्ण आणि अतिदक्षता विभागांत 'ब्रदर' मोठ्या संख्येने काम करतात. एम्सच्या भरतीत पुरुषांसाठी २० टक्के जागा ठेवण्यात आल्या आहेत.

कला शाखेतून बारावी झाली आहे, पुढे पदवी मिळेल काय? जीएनएम करून नोंदणी करावी आणि नंतर पोस्ट बेसिक बी.एस्सी. करावे. वेळ थोडा अधिक लागतो, पण ध्येय गाठता येते.

नर्सिंग करून पुढे डॉक्टर होता येते काय? नर्सिंगची पदवी म्हणजे एमबीबीएसची पायरी नव्हे. त्यासाठी नीटच द्यावी लागते. मेडिकलचा प्रवेश हुकला म्हणून वर्षभर 'थांबण्याची जागा' म्हणून नर्सिंगला येणाऱ्यांनी पुनर्विचार करावा.

नोंदणी एकदा केली की पुरते काय? नाही. तिचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी निरंतर शिक्षणाच्या कार्यक्रमांत सहभागी व्हावे लागते.

निर्णय घेण्यापूर्वी

ज्या विद्यार्थिनीला या क्षेत्राची ओढ वाटते तिने, आणि तिच्या आईवडिलांनीही, शक्य असल्यास एखाद्या कार्यरत परिचारिकेशी तासभर बोलावे. तिला पगार जरूर विचारावा. पण शेवटची रात्रपाळी कशी गेली, हेही विचारावे. रक्त पाहून भोवळ येते का, हा प्रश्न तेवढा महत्त्वाचा नाही, कारण ती सवय होते. आजारपणाने चिडलेल्या, कुरकुरणाऱ्या, कधी अपमान करणाऱ्या माणसाशीही आपण शांतपणे वागू शकतो का, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. त्याचे प्रामाणिक उत्तर 'होय' किंवा निदान 'शिकेन' असे असेल, तर पाऊल पुढे टाकण्यास हरकत नाही.

पालकांना एवढेच सांगावेसे वाटते. २०२० हे वर्ष जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिका व प्रसाविकांचे वर्ष म्हणून घोषित केले होते, आणि नेमक्या त्याच वर्षी करोनाची साथ आली. आपल्या माणसाजवळ जाण्याची परवानगी कोणालाच नव्हती, तेव्हा अनेक घरांतील आजी-आजोबांच्या तोंडात पाण्याचा घोट घालणारा हात संरक्षक पोशाखातील परिचारिकेचा होता. त्या दिवसांत आपण खिडकीत उभे राहून टाळ्या वाजविल्या. आपल्याच घरातील मुलगी तो पोशाख अंगावर चढवू इच्छिते, तेव्हा तिला टाळ्या नकोत; तिची मान्यताप्राप्त महाविद्यालयांची यादी घेऊन तिच्याशेजारी बसणारे कोणीतरी हवे आहे.